पिच मोजताय, पण कॅचरचं काय?

बेसबॉलमध्ये पिच काउंट (पिचरने दिवसाला किती पिच, म्हणजे बॅटरकडे चेंडू, टाकायचे त्याची मर्यादा) पाळला की मुलाच्या खांद्याची काळजी मिटली, असं बरेच जण म्हणतात. अर्धंच पटतं. लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलची अमेरिकी संघटना) दिवसाला ९-१० वर्षांच्या मुलाला ७५ आणि ११-१२ च्या मुलाला ८५ पिच, हे बहुतेक स्वयंसेवक कोचांना पाठ असतं. निसटतो तो कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिच झेलणाऱ्याचा नियम. ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी पुढे कॅचर म्हणून बसवता येत नाही. उलट, चार डाव कॅचिंग केलेल्याला त्या दिवशी पिचिंग नाही. कॅचर जवळपास प्रत्येक चेंडू परत फेकत असतो, म्हणजे त्याचाही हात चालूच. आणि संघात ज्याचा हात सगळ्यात दणकट, त्यालाच दोन्हीकडे उभं करायचा मोह होतो (क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या बापांना तर फारच).

आमच्याकडे डगआउटमध्ये एका पालकाच्या हातात पिच मोजायचा क्लिकर (बटण दाबून आकडा वाढवायचं यंत्र) असतो. अर्धा डाव संपला की तो समोरच्या संघाच्या वहीशी आकडा जुळवतो. दोन-तीन पिचचा फरक तिथल्या तिथे मिटतो, सामन्यानंतर वाद होत नाही. कॅचिंगचे डाव मोजायला लाइनअपच्या (खेळाडूंच्या यादीच्या) कार्डावर कॅचरच्या नावापुढे डावागणिक एक रेघ मारायची, की झालं. सॉफ्टबॉलला हिशेब वेगळा, तिथे पिच नाही, डाव मोजतात. आणि मूल शनिवारी ट्रॅव्हल टीमकडून (लीगबाहेरच्या, गावोगावी जाऊन खेळणाऱ्या संघाकडून) पिचिंग करून आलंय का, हे मुलाला नाही, पालकांनाच विचारा. खेळायला मिळावं म्हणून मुलं बिनधास्त 'नाही' म्हणतात.