मदत हवी आहे: मायएसक्यूएल डेटाबेस रिस्टोअर करताना उचलीचा हप्ता दोनदा वळता होण्याची भीती

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या दूध संस्थेच्या संगणकाचे काम मी पाहतो. गुरुवारी सर्व्हरची डिस्क निकामी झाली. रविवारी रात्री ११:५० ला मायएसक्यूएलडंपने (डेटाबेसची प्रत काढणाऱ्या आज्ञेने) सुरू केलेला पूर्ण बॅकअप आणि वेगळ्या डिस्कवर असल्याने वाचलेले बिनलॉग (डेटाबेसमधील बदलांची क्रमवार नोंद) एवढेच हाती आहे.

नव्या यंत्रावर मायएसक्यूएल ८.० मध्ये डंप लोड झाला. सभासदांच्या मराठी आणि कन्नड नावांच्या जागी आधी प्रश्नचिन्हे दिसत होती. परंतु हेक्स फंक्शनने साठवलेले बाइट पाहिले तेव्हा ३एफ (प्रश्नचिन्हाचा बाइट) न येता देवनागरी आणि कन्नड अक्षरांचे ई०ए४ आणि ई०बी२ असे बाइट आले, म्हणजे नावे शाबूत होती, आणि क्लायंटचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करताच ती नीट उमटली.

अडचण पुढे आहे. डंपमध्ये बिनलॉगची पोझिशन (बॅकअपच्या वेळी बिनलॉग कोठपर्यंत आला होता ती जागा) नोंदलेली नाही, म्हणून स्टार्ट-डेटटाइम या पर्यायाने ११:५० पासून बिनलॉग लावण्याचा, म्हणजे त्यातील बदल पुन्हा चालवण्याचा विचार आहे. (ही वेळ यंत्राच्या स्थानिक वेळेनुसार धरली जात असल्याने यूटीसीवर असलेले नवे यंत्र आधी भारतीय वेळेवर आणले.) मात्र दर रविवारी रात्री १२ वाजता उचलीचे हप्ते वळते होतात आणि डंप १२:०४ ला संपला. डंप घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिल्यामुळे इनोडीबी प्रकारची टेबले ११:५० च्या स्थितीत आहेत. उचलीचे जुने टेबल मात्र मायआयसॅम या प्रकारचे असून त्याला हे संरक्षण नाही. एका सभासदाच्या कार्डावर हप्त्यापूर्वीची बाकी ४,२०० रुपये आहे, तर रिस्टोअर झालेल्या टेबलात ४,०५०. म्हणजे हप्ता तेथे आधीच वजा झाला आहे.

जुन्या कॉन्फिगमुळे बिनलॉग स्टेटमेंट फॉरमॅटमध्ये आहे, म्हणजे त्यात बदललेल्या ओळींऐवजी मूळ एसक्यूएल वाक्ये नोंदलेली आहेत, त्यामुळे बाकीतून हप्ता वजा करणारे तेच वाक्य पुन्हा चालले तर प्रत्येक उचलदाराचे १५० रुपये दोनदा कापले जातील. दुधाच्या बिलावर घर चालवणाऱ्यांच्या खात्यात एवढीही चूक राहू नये, असे मला मनापासून वाटते.

मला दोन मार्ग दिसतात. एक, मायएसक्यूएलबिनलॉग (बिनलॉग वाचणारी आज्ञा) दोनदा चालवून स्टॉप-पोझिशन आणि स्टार्ट-पोझिशनने तेवढे वाक्य वगळणे. दुसरा, उचलीच्या टेबलात हप्त्याची रक्कम बाकीत परत वाढवून सर्व टेबले ११:५० च्या स्थितीला आणणे आणि मग बिनलॉग सलग लावणे. हप्त्याची खतावणीतील नोंद त्याच बिगिन आणि कमिटच्या दरम्यान, म्हणजे एकाच व्यवहारात, असल्याने पहिला मार्ग मला धोक्याचा वाटतो. दुसरा मार्ग चाचणी डेटाबेसवर करून पाहण्यापूर्वी, मायआयसॅम आणि इनोडीबी एकत्र असलेला डेटाबेस असा रिस्टोअर केलेल्या जाणकारांनी त्यात काही उणीव राहत असल्यास कृपया सांगावे.