पदवीचा झगा, पाठीवरची पिशवी आणि साडी

सरवा_वेचणारी, वानवडी
सर्वांना सलाम. ४९ व्या वर्षी एम.टीएच., म्हणजे ईश्वरविज्ञानात पदव्युत्तर, झाले. प्रबंध बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातल्या सरवा वेचण्यावर, म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसं गोळा करण्यावर; माझी आजी भीमेकाठी तेच करायची. पदवी सेरामपूरची. बंगालमधलं, नगरचं श्रीरामपूर नव्हे. मामेसासऱ्यांनी "साखर कारखान्याजवळच का?" असं विचारून झालंय.

समारंभासाठी गाऊन भाड्याने आणला. सासूबाई म्हणाल्या, "गाऊन घालून चारचौघांत जाणार?" त्यांच्या लेखी तो रात्रीच घालतात. पण खरी कटकट हूडची. पाठीवर लोंबणारी ती पिशवी कशासाठी? चालताना मागे सरकते आणि गळ्याला काचते.

शिवाय आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, उपासनेत असला झगा म्हणजे मिरवणं. मलाही थोडं पटतं. खरंच हे आपलं नाही का?

जुनं_बाड
ताई, अभिनंदन! उलट, हा झगा चर्चच्या पाळकांकडूनच विद्यापीठात गेला. तेराव्या शतकात पॅरिस-ऑक्सफर्डचे विद्यार्थी चर्चचेच लोक समजले जात. १२२२ साली ऑक्सफर्डच्या धर्मसभेत आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी पाळकवर्गाला पुढून बंद असलेला झगा सक्तीचा केला.

तुमची पिशवी म्हणजे मुळात डोक्यावर घ्यायची खोळ. आपल्याकडे पावसात घोंगड्याची घेतात तशीच. दगडी इमारती, हाडं गोठवणारी थंडी. पुढे टोप्या आल्या, खोळ पाठीवर पडली ती पडलीच. अस्तराच्या रंगात फार शिरू नका. अमेरिकेत १८९५ च्या नियमावलीने ईश्वरविज्ञानाला लाल भडक रंग दिला, ब्रिटनमध्ये प्रत्येक विद्यापीठाची तऱ्हा वेगळी.

आणि उपासनेचं म्हणाल, तर इंग्लंडच्या चर्चचा १६०४ चा ५८ वा नियमच होता: पदवीधर पाळकाने पांढऱ्या झग्यावर आपल्या पदवीचा हूड घालावा. पदवी नसेल त्याने घालू नये. जिनिव्हाच्या प्रोटेस्टंट सुधारकांनी पूजेची भरजरी वस्त्रं टाकून काळा झगा ठेवला, तोही विद्वानांचाच.

बिनझग्याचा
कुणाचा का असेना, आपल्याकडे आणला साहेबानेच. २०१० मध्ये भोपाळला जयराम रमेश यांनी मंत्री असताना भर समारंभात तो उतरवला होता. पुण्याच्या उन्हात मीही तेच केलं असतं.

कॅम्पातला_शिंपी
इतिहास राहू द्या. हूडला पुढून आतल्या बाजूला दोऱ्याचा बारीक फासा असतो, बघा. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. शिवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर पुरुषच धरला, साडीला बटण कुठून येणार? मोठी सेफ्टी पिन घ्या आणि फासा, पदर, ब्लाऊज तिन्ही एकत्र टोचा. खांद्यावर नको, पुढे मधोमध. अंबाडा मानेवर बांधा, नाहीतर चौकोनी टोपी छपरासारखी कलते.

सरवा_वेचणारी, वानवडी
दादा, पिन लावून घरभर फिरले, जिनाही उतरून पाहिला. जागचं हललं नाही. सासूबाईंना घोंगड्याच्या खोळीचं सांगितलं. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे टेरिकॉट आहे, याला कसली ऊब!"

त्या वडीलधाऱ्यांना ५८ वा नियम वाचून दाखवणार होते. पण राहू दे. त्यातलं दुसरं वाक्य त्यांना लागेल.