एटीपी असताना जीटीपी, सीटीपी, यूटीपी कशाला?

खानापूर_बीएस्सी:
एटीपी, जीटीपी, सीटीपी, यूटीपी हे पेशीतले ऊर्जा देणारे रेणू, प्रत्येकात तीन फॉस्फेटची शेपटी. एटीपीचा टोकाचा फॉस्फेट सुटला की मोलमागे ३०.५ किलोज्यूल ऊर्जा, जीटीपीचंही जवळपास तेवढंच. मग पेशी चार-चार प्रकार कशाला सांभाळते? नोट्समध्ये 'यूटीपी साखरेसाठी' एवढीच ओळ आहे. जरा नीट सांगा की कुणीतरी.

टिळकवाडी_लॅब:
३०.५ हा प्रमाण परिस्थितीतला आकडा. जिवंत पेशीत एटीपी भरपूर आणि एडीपी (एक फॉस्फेट गेलेलं एटीपी) कमी, म्हणून प्रत्यक्षात तो ५० च्या आसपास जातो. ऊर्जेत चौघं सारखेच. एन्झाइम बेस (रेणूचा तो भाग जो चौघांत वेगळा असतो) बघून धरतं, फरक तिथं पडतो. त्यामुळे साखरेचं काम आणि प्रोटीनचं काम वेगवेगळं आवरता येतं. शिवाय आरएनए बांधायला चौघंही लागतातच. न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेज हे एन्झाइम एटीपीचा फॉस्फेट यूडीपी, जीडीपी, सीडीपीवर (दोनच फॉस्फेट उरलेल्या रूपांवर) चढवतं. समतोल स्थिरांक १ च्या जवळ, क्रिया दोन्हीकडे सारखीच फिरते, म्हणजे एटीपी घटलं की बाकीचेही घसरणार.

चिकोडी_ऊस:
यूटीपीसाठी ऊसच घ्या, आपल्याकडे त्याला काय तोटा! पानाच्या सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) ग्लुकोज-१-फॉस्फेट आणि यूटीपी मिळून यूडीपी-ग्लुकोज, सोबत पायरोफॉस्फेट (दोन फॉस्फेटची जोडी) सुटतं. यूडीपी-ग्लुकोजमधलं ग्लुकोज फ्रुक्टोज-६-फॉस्फेटला जोडलं की सुक्रोज-६-फॉस्फेट, त्यातला फॉस्फेट काढला की सुक्रोज. मोकळं झालेलं यूडीपी पुन्हा वरच्या कायनेजकडं.

पोरं चुकतात ती इथं. 'पायरोफॉस्फेट लगेच तुटतं म्हणून क्रिया पुढं जाते' हे यकृतात ग्लायकोजेन (साठवणीची साखर) बनताना बरोबर. वनस्पतीच्या सायटोसोलमध्ये ते बऱ्यापैकी शिल्लक राहतं आणि पहिली पायरी उलटीही फिरते. खरी ओढ शेवटच्या पायरीची. सुक्रोज-६-फॉस्फेटचा फॉस्फेट एकदा निघाला की मागं फिरणं नाही.

खानापूर_बीएस्सी:
हे समजलं सर. क्रेब्ज चक्रात (श्वसनातल्या ऊर्जा काढणाऱ्या क्रियांच्या फेऱ्यात) जीटीपी बनतं म्हणतात, ते उसातही?

टिळकवाडी_लॅब:
नाही, वनस्पतीत त्या पायरीला एटीपी बनतं. प्राण्यांत एन्झाइमचे दोन्ही प्रकार सापडतात. जीटीपी खर्च होतं ते मुख्यतः रायबोसोमवर, म्हणजे प्रोटीन बनतं तिथं. अमिनो आम्ल टीआरएनएवर (ते रायबोसोमकडे नेणाऱ्या रेणूवर) चढवताना एटीपीचं थेट एएमपी (एकच फॉस्फेट उरलेलं) होतं, म्हणजे दोन बंध गेले. मग साखळी एका अमिनो आम्लाने वाढवायला दोन जीटीपी. एकूण चार. 'एक एटीपी' लिहिलंत तर मार्क गेले. सीटीपीचं काम थोडक्यात: फॉस्फोकोलीनशी जोडून सीडीपी-कोलीन, त्यातून पेशीपटलातला मेदरेणू लेसिथिन.

प्रॅक्टिकल असेल तर आणखी एक. एटीपीचं डायसोडियम मीठ नुसत्या पाण्यात टाकलं की द्रावण आम्लधर्मी होतं आणि तसंच ठेवलं तर एटीपी हळूहळू तुटतं. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ७ ला आणा, लहान लहान नळ्यांत वाटून उणे २० ला ठेवा. एकच बाटली रोज वितळवून परत गोठवू नका.

चिकोडी_ऊस:
आणि मॅग्नेशियम! एन्झाइमला लागतं ते मॅग्नेशियम-एटीपी. १० मिलिमोलर एटीपी असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड त्याहून थोडं जास्तच घाला. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन असेल तर तेही मॅग्नेशियम पकडतं, तेवढं वाढवून धरा. 'एन्झाइम मेलंय' म्हणून ओतून टाकण्याआधी हे बघा.