कसणारा बांध का राखत नाही? सातबारा, वाटा आणि शिवार

उतारपट्टी: पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरडवाहू गावांत पाणलोटाची कामं झाली की दोन-तीन वर्षांत एक चित्र हमखास दिसतं. एका गटात बांध शाबूत, वर गवत, बोरी-बाभळी. लागूनच्या गटात बांधाची नुसती रेघ उरलेली. माती तीच, पाऊस तोच. मालकाचं रान राखलेलं आणि वाट्याचं, म्हणजे पिकाच्या हिश्श्यावर दुसऱ्याने कसलेलं, उजाड, इतकं सरळ आहे का हे? वाट्याच्या रानात टिकेल असं काय करता येतं?

मृगधारा: इतकं सरळ नाही. स्वतःचा सातबारा असलेलेही दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराच्या एका चरीएवढा, बांध कोरतात. प्रश्न आहे तो पुढच्या मृगाला तिथे आपलाच नांगर असेल का, याचा. शेणखत एका हंगामात संपत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही पिकाला लागू पडतं. वर्षाच्या बोलीवर कसणारा ते दुसऱ्यासाठी कशाला टाकेल? तो युरिया टाकतो, आणि त्याच्या हिशेबाने बरोबरच करतो.

मालक लांबची बोली करत नाही, त्याचं मूळ १९४८ च्या कूळकायद्यात आहे. कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जातो. घरचा माणूस, मजूर वगैरे अपवाद आहेत, पण मजुरी पिकाच्या वाट्यात दिली तर तो अपवाद लागत नाही. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली, ती धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून कागद नाही आणि दर दोन वर्षांनी वाटेकरी बदल. (विदर्भ-मराठवाड्याचे कूळकायदे वेगळे, धास्ती तीच.)

गटवारी: वाटेकऱ्यावर सगळं ढकलू नका. वारसांची वाटणी त्याहून जास्त माती नेते. १०० मीटर बाय १०० मीटरचं एक हेक्टर चार भावांत वाटताना प्रत्येकाला रस्ता हवा. रस्ता बहुधा खालच्या अंगाला, म्हणून २५ मीटर रुंदीच्या चार पट्ट्या उताराच्या दिशेने पाडतात. अरुंद पट्टीत ट्रॅक्टर आडवा वळत नाही, मग नांगरट उभी होते. प्रत्येक तास म्हणजे पाण्याला वाट. जुना आडवा बांध चौघांच्या हिश्श्यातून जातो, एकाने तोडला की पाणी तिथेच गोळा होऊन बाकी तिघांचाही फोडतं.

उपाय वाटणीच्या वेळीच करावा लागतो. हिस्से उताराला आडवे पाडा, एका कडेला सामाईक वाट सोडा आणि प्रत्येक बांधाला दगडी सांडवा (जादा पाणी बाहेर काढायची वाट) द्या. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून मोजणी घ्या. वाट नकाशावर दाखवून घ्या, तोंडी ठेवली की पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं.

उतारपट्टी: आणि झाडांचं काय? वाटेकरी लावायला तयार असला तरी मालक नको म्हणतो.

बांधकाठ: कारण झाडावरचा हक्क साधारणपणे जमीन धारण करणाऱ्याचा असतो. लावणाऱ्याच्या हाती काही राहत नाही, आणि मालकाला वाटतं की झाड लावलं म्हणजे वहिवाटीचा पुरावा झाला. शिवाय आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या रानातलं तोडायलाही परवानगी लागते. झाड राखणाऱ्यालाच पुढे खेटे घालावे लागतात, म्हणून पुष्कळ जण रोप हातभर असतानाच उपटतात.

वाट्याच्या रानात गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. जूनमध्ये अंगठ्याएवढ्या जाड, मीटरभर लांब फांद्या बांधाच्या वरच्या कडेला दीड-दोन फुटांवर रोवा. रुजल्या की कंबरेच्या उंचीवर छाटत राहा, पाला खत म्हणून रानातच टाका. फायदा मुक्काम हलायच्या आत मिळतो, म्हणून वाटेकरीही राखतो. पूर्व-पश्चिम बांधावर मात्र उंच वाढू देऊ नका. हिवाळ्यात सावली उत्तरेच्या शेजाऱ्याच्या ज्वारीवर पडते, वर पाखरांना बसायला जागा होते आणि तो रात्रीत बुंध्याशी खुरपं लावतो.

मृगधारा: हे रोवण्याआधी मालकाला विचारा मात्र. छाटणीचा पाला कुणाचा आणि बुंधे कुणाचे, हे चार माणसांसमोर आधीच बोलून घ्यायचं.