इराणी हॉटेलातली खुर्ची: थ्रीडी मॉडेल स्कॅन करावं की बांधावं?

सुतारपक्षी
मुंबईतली इराणी हॉटेलं बंद होत चालली आहेत आणि तिथल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या जुन्या बाजारात येत आहेत. कुणीतरी फोनवर फोटो काढतो, फोटोग्रामेट्रीत (अनेक फोटो जुळवून थ्रीडी मॉडेल काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकतो आणि निघेल त्याला डिजिटल जतन म्हणतो. मला हे पटत नाही. ही खुर्ची एकेक भाग मोजून संगणकावर बांधायला हवी.

कारण ती कशी घडली यातच तिचं सगळं रूप आहे. मिखाएल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्यानं 1856 मध्ये भरीव लाकूड वाकवण्याचं पेटंट घेतलं आणि 1859 मध्ये याच घडणीची 14 नंबरची खुर्ची आणली. बीच नावाच्या झाडाची काठी वाफेवर मऊ करायची, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट बसवायची आणि साच्यावर वाकवायची. वाफवलेलं लाकूड दाबलं जातं, पण फारसं ताणलं जात नाही. पट्टी नसेल तर बाहेरचे तंतू फाटतात. मागचे दोन्ही पाय आणि पाठीची कमान मिळून एकच सलग काठी. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या मावत. स्कॅनमध्ये या सगळ्याचा एकच चिकटलेला मेश, म्हणजे पृष्ठभागाची जाळी, होतो. कुठला भाग कुठे संपतो ते कळतच नाही.

रेंडरमध्येही, म्हणजे मॉडेलवरून काढलेल्या चित्रातही, फरक दिसतो. बॉक्स प्रोजेक्शननं, म्हणजे खोक्याच्या बाजूंसारखं सरळ दिशांनी, लाकडाचं टेक्स्चर चढवलं की कमानीच्या माथ्यावर लाकडाच्या शिरा आडव्या कापल्या जातात. म्हणजे फळीतून करवतीनं कापलेली कमान! तशी कमान माणूस टेकला की तुटेल. त्यापेक्षा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बेझियर कर्व्हनं (हवी तशी वळवता येणाऱ्या रेषेनं) काठी काढा, जाडी बदलते तिथे त्रिज्या बदला. शिरा लांबीबरोबर आपोआप वळतात.

काचबिंब
साफ असहमत. तुम्ही बांधता ती कॅटलॉगमधली खुर्ची. बाजारात समोर ठेवलेली वेगळी असते. माथ्यावरचं पॉलिश वेटरच्या हातानं गेलेलं, पायांमधल्या कड्यावर चपला टेकून लाकूड उघडं पडलेलं, बैठकीचा वेत फाटल्यावर वरून प्लायवूड ठोकलेलं, एक पाय जरासा आत. कमान सममितीत राहिलेली नाही. कर्व्हचा अर्धा भाग काढून मिरर मारला, म्हणजे दुसरा अर्धा आरशासारखा उमटवला, की हे सगळं पुसलं जातं, आणि तेच तर तिचं मुंबईतलं आयुष्य आहे.

चकचकीत पॉलिशमुळे स्कॅन बिघडतो हे खरं. जागा बदलली की चकाकी सरकते आणि सॉफ्टवेअरला फोटो जुळवता येत नाहीत. पण दिव्यावर आणि लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर एकमेकांना काटकोनात लावले की चकाकी जवळजवळ जाते.

सुतारपक्षी
चकाकी जाईल. वेताचं काय? दोन उभे, दोन आडवे आणि दोन तिरपे पदर एकमेकांतून जातात तेव्हा ती अष्टकोनी भोकं तयार होतात. स्कॅन ती भोकं बुजवून बैठकीचं पापुद्र्यासारखं काहीतरी करतो. पदर वर-खाली नेत विणून दाखवले तरच वेत दिसतो. झीज मलाही हवी आहे, पण वेगळ्या रफनेस मॅपमध्ये (पृष्ठभाग कुठे चकचकीत, कुठे खरबरीत ते सांगणाऱ्या चित्रात). पाहणाऱ्याला ती बंद करून मूळ रूप बघता आलं पाहिजे.

काचबिंब
रंगवलेली झीज हा तुमचा अंदाज झाला. उद्या कुणी अभ्यासाला घेतलं तर फसेल.

डोंबिवलीकर_मीरा
त्यासाठीच लंडन चार्टर ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वारशाच्या संगणकीय चित्रणात पुरावा काय आणि अंदाज काय याची नोंद मॉडेलबरोबर द्यावी, असं हा चार्टर सांगतो. ती नोंद इथे कुणी देत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणखी एक. अशा प्रत्येक मॉडेलला 'थोनेट' नाव देऊ नका. पेटंटची मुदत 1869 मध्ये संपली आणि 'कोन' नावाच्या कंपनीसारख्या इतर कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला शिक्का किंवा कागदी लेबल आहे का ते आधी बघा. नसेल तर 'वाकवलेल्या लाकडाची खुर्ची' एवढंच लिहा.

मूळ वादात मी काचबिंब यांच्या बाजूची. खुर्ची उद्या विकली जाईल. मूळ फोटो हाती असतील तर मॉडेल दहा वर्षांनीही बांधता येईल.

सुतारपक्षी
फोटो घ्याच, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. पण जोडलेल्या खुर्चीच्या फोटोंतून सांध्याच्या आतलं काहीच मिळत नाही. दुकानदाराला विचारून ती खोला, प्रत्येक भाग मोजपट्टी ठेवून वेगळा टिपा, मग परत जोडा.

काचबिंब
जुने स्क्रू गंजून लाकडात रुतलेले असतात. जोर लावला की भोकाभोवतीचं लाकूड चिरतं आणि पुन्हा पकड धरत नाही. मॉडेलसाठी खऱ्या खुर्चीला धक्का लावायला माझी तयारी नाही. सांधा आधीच सुटलेली एखादी मोडकी खुर्ची मिळाली तर जरूर खोला, आणि ते फोटो इथे टाका.