विंडोजमधली गेमची ड्राइव्ह लिनक्सवर तशीच वापरू नये

विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉन या साधनामुळे बहुतेक गेम चालतात, त्यामुळे नवख्याने विंडोज सोडून लिनक्सकडे वळायला हरकत नाही, हे मत मला पूर्ण मान्य आहे. २०१८ मध्ये ‘स्टीम’ हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणल्यापासून चित्र खरोखरच पालटले आहे. मात्र डाउनलोड वाचवण्यासाठी विंडोजमधली गेमची ड्राइव्ह तशीच स्टीमला जोडावी, असा जो सल्ला दिला जातो, तो नवख्याला हमखास अडचणीत आणतो. ती ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीची, असते, आणि प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरात जी विंडोजसारखी रचना उभी करतो, तिच्यात ‘सी:’ अशा नावाचे दुवे असतात. नावातला हा अपूर्णविराम विंडोजला चालत नाही, त्यामुळे गेम काहीही न सांगता बंद पडतो किंवा विंडोजकडून पुढे ड्राइव्ह तपासताना त्रुटी दिसू लागतात. शिवाय विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ (संगणक पूर्ण बंद न करता पुढच्या वेळी लवकर सुरू करण्याची सोय) चालू असेल, तर लिनक्सला त्या ड्राइव्हवर काही लिहिताच येत नाही, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी मारला जातो.

त्यापेक्षा डिस्कवर ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीचा, विभाग करून गेमचे फोल्डर तिथल्या ‘स्टीमॲप्स’मधील ‘कॉमन’मध्ये उतरवावे आणि मग स्टीममधून इन्स्टॉल सुरू करावे, स्टीम असलेल्या फायली तपासून घेते आणि उरलेल्याच डाउनलोड करते.