बंदरातला गाळ काढायचाय, खर्चाची वाटणी कशी करायची?

खारावारा:
बंदर छोटं आहे पण गाळ इतका साठलाय की ओहोटीला मोठ्या बोटी धक्क्याला लागतच नाहीत, भरतीची वाट बघत बाहेर नांगर टाकून पडून राहतात. ड्रेजिंग करायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे, पैशाचं निघालं की मीटिंग फिसकटते. होडीवाले म्हणतात आम्हाला दीड मीटर पाणी बास, बार्जवाले म्हणतात सगळ्यांनी सारखे भरा. काय करावं?

हिशेबनीस:
आधी खोलीचा सर्व्हे करून घ्या, वाटणीचं नंतर. आणि टेंडरमध्ये स्पष्ट लिहा की पैसे जागेवरच्या गाळाचे, म्हणजे कामाआधीचा आणि नंतरचा सर्व्हे यातल्या फरकाचे. ड्रेजरच्या (गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या) हॉपरमध्ये, म्हणजे गाळ साठवायच्या टाकीत, किती भरलं त्यावर बिल घेतलंत तर मेलात, कारण उपसलेल्या गाळात पाणी मिसळून तो फुगतो आणि तुम्ही पाण्याचे पैसे भरत बसता.

नांगरगडी:
वाटणी खोलीवर करा. 2 मीटरपर्यंतचा खर्च सगळ्यांचा, त्याखालचा ज्यांना लागतो त्यांचा. पण एक मेख आहे, खाली गेलं की बाजूचा उतार टिकवायला वरूनही रुंद खणावं लागतं, तो वरचा जादा गाळसुद्धा खोलवाल्यांच्याच खात्यात टाका, नाहीतर होडीवाले फुकट भरडले जातील. अमेरिकेत 1986 च्या कायद्यात असंच तत्त्व आहे, 20 फुटांपर्यंतच्या कामात स्थानिक वाटा 10 टक्के, 45 पर्यंत 25 आणि त्याहून खोल असेल तर 50 (ती 45 फुटांची मर्यादा पुढे वाढवली).

खारावारा:
हे पटलं. पण ड्रेजर आणायचा-न्यायचा खर्च? तो तर खोलीवर नाही ना अवलंबून.

हिशेबनीस:
नाही, थोडं काढा नाहीतर जास्त, आणायचा खर्च तेवढाच. तो सगळ्यांत वाटा, आणि शेजारच्या बंदरालाही काढायचा असेल तर एकाच फेरीत उरका, निम्मा तिकडे जाईल. सगळ्यात मोठा धोका गाळ टाकायचा कुठे हा. बोटी रंगवायच्या जागेजवळचा गाळ आधी लॅबमध्ये तपासा, जुन्या रंगातलं तांबं आणि टीबीटी (बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून रंगात घालत ते विषारी रसायन) त्यात उतरलेलं असतं, तसा गाळ समुद्रात टाकायची परवानगी मिळणं अवघड, मग जमिनीवर बंदिस्त जागा करा आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

नांगरगडी:
आणि तो जादा खर्च होडीवाल्यांच्या माथी मारू नका, रंगकाम ज्यांच्या धंद्याचं आहे त्यांनी उचलावा. भांडण होणारच, पण टेंडरच्या आधी होऊ दे, ड्रेजर येऊन उभा राहिल्यावर नको, रिकामं उभं राहायचंही भाडं लागतं.

खारावारा:
आणि परत गाळ भरला की?

हिशेबनीस:
भरणारच. खोल केलेल्या खड्ड्यात तर आणखी लवकर. म्हणून दर बोटीमागे डुबीच्या (बोट पाण्यात किती खोल बुडते त्याच्या) हिशेबाने वर्षाची वर्गणी आत्ताच ठरवा, सगळे अजून एकत्र बसतायत तोवर.